नकाराची पोच

कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात आवक-जावकची वही असते. बाहेरून आलेल्या कागदाला तीत क्रमांक मिळतो, आणणाऱ्याच्या प्रतीवर शिक्का उमटतो आणि लेखनिक त्याखाली तारीख घालून सही करतो. याला आपण 'पोच' म्हणतो. कागद पोचला, एवढाच तिचा अर्थ. मजकूर संस्थेला मान्य आहे, असे त्यातून निघत नाही. तक्रारी, माहितीच्या अधिकारातले अर्ज, वकिलांच्या नोटिसा, अगदी निनावी शिवीगाळसुद्धा या वहीत सुखाने नांदते. गेल्या जून महिन्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे दोन वाक्यांचे पत्र मात्र तीत मावले नाही. देऊ केलेल्या नेमणुकीबद्दल आभार, हे पहिले वाक्य. मी ती स्वीकारू शकत नाही, हे दुसरे. लेखनिकाने पत्र वाचले, परत केले आणि म्हटले, "ताई, असलं पत्र आपण घेत नाही. साहेबांना भेटा."

आम्ही तिघे मराठीचे अध्यापक. वेगवेगळ्या महाविद्यालयांत शिकवतो. या विद्यार्थिनीला एम.ए.च्या वर्गात आम्ही तिघांनीही कधी ना कधी शिकवले. पुढे जे घडले त्यात आमचाही हात आहे. तेव्हा हा लेख कोणत्याही उंच कट्ट्यावरून लिहिलेला नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

हकिगत थोडक्यात अशी. विनाअनुदानित महाविद्यालयाची जाहिरात आली. तिने अर्ज केला, मुलाखत दिली. मुलाखतीला मूळ कागदपत्रे आणायला सांगितली होती. गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र आणि सेट परीक्षेचे प्रमाणपत्र 'पडताळणीसाठी' ठेवून घेण्यात आले. चार दिवसांनी पत्र मिळाले. एकत्रित वेतन, वर्षातून नऊ महिने, उन्हाळ्यात काही नाही. तिने विचार केला आणि नाही म्हटले. रुजू झाली नव्हती, कशावर सही केली नव्हती, एक रुपया उचललेला नव्हता. कार्यालयाने पत्र घेतले नाही म्हणून तिने ते स्पीड पोस्टाने पाठवले. आठवड्याने पाकीट परत आले. त्यावर पोस्टमनचा शेरा होता: 'घेण्यास नकार'.

हा शेरा आम्ही बराच वेळ पाहत बसलो. नकार देण्याची कला संस्थेला अवगत नाही असे नाही. फक्त ती आपली मक्तेदारी आहे, अशी तिची समजूत आहे. (टपाल घेण्यास नकार दिला, तरी ते पोचले असे आपली न्यायालये सर्वसाधारणपणे मानत आली आहेत. संस्थेच्या वकिलांनी हे संस्थेला कधी सांगितले नसावे.)

त्यानंतर वेळापत्रक लागले आणि त्यात तिचे नाव होते. विभागाच्या गटात तिचा क्रमांक जोडला गेला. "उद्या अकराचा तास तुमचा" असा निरोप आला. तिने पुन्हा नाही म्हटले. तिच्या वडिलांना फोन गेला. वडील शेतकरी माणूस. संस्थेच्या साहेबांचा फोन आपल्याला आला, याचेच त्यांना दडपण. आणि मग फोन आम्हांला आले. "सर, तुमची विद्यार्थिनी आहे. पोरगी गुणी आहे, पण अडून बसली आहे. जरा समजावून सांगा."

आम्ही समजावून सांगितले.

होय. तिघांपैकी दोघांनी तिला फोन केला. एकाने म्हटले, आजच्या काळात नोकरी कुठे मिळते? दुसऱ्याने म्हटले, वर्षभर कर, मग सोड. त्या क्षणी आम्हांला हे शहाणपण वाटत होते. ती ऐकून घेत होती. शेवटी तिने एवढेच विचारले, "मॅडम, पण मी नाही म्हटलंय. ते कुणी ऐकलं का?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधताना जे ध्यानात आले ते मांडण्यासाठी हा लेख आहे. आणि आमचा रोख संस्थाचालकांइतकाच आमच्या व्यवसायबंधूंवर आहे.

तिने नोकरी का नाकारली, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. कारण आम्हांला ठाऊक आहे; ते आम्ही इथे लिहिणार नाही. लिहिले की लगेच त्याचे वजन होऊ लागते. आई आजारी असेल तर नकार रास्त, पगार कमी वाटला असेल तर उद्धट, लग्न ठरले असेल तर समजण्यासारखा, अन्य काही लिहायचे-वाचायचे असेल तर चोचले. नकार ऐकणारी व्यक्ती न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसते आणि नाकारणारा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. संस्थेने तिला नेमताना कारण दिले नव्हते. ज्यांना नेमले नाही त्यांनाही दिले नाही. त्यांना तर साधे कळवलेही नाही. मग कारणाची मागणी एकाच दिशेने का वाहते?

आमचे काही स्नेही म्हणतात, दारात रांग लागली आहे, अशा वेळी नाही म्हणणे हा माज आहे. रांग आहेच. सेट-नेट झालेले, पीएच.डी. झालेले तरुण तासिका तत्त्वावर या गावाहून त्या गावाला एस.टी.ने फिरताना आम्ही रोज पाहतो. परंतु हा युक्तिवाद उलटा करून पाहावा. रांग लागली असेल, तर एका मुलीच्या नकाराने संस्थेचे काय अडले? दुसऱ्याला बोलवावे. ते न करता संस्था हिच्याच मागे लागते, याचे कारण आमच्या मते दुहेरी आहे. पहिले कारण कागदी. विद्यापीठाची समिती येते तेव्हा पात्रताधारक अध्यापकांची यादी दाखवावी लागते, आणि मूळ प्रमाणपत्रे कपाटात असली की यादी भरलेली दिसते. माणूस नसला तरी चालेल, नाव हवे. दुसरे कारण अधिक खोलवरचे. संस्थेने जे देऊ केले त्याला ती 'प्रस्ताव' मानतच नाही. ती त्याला कृपा मानते. प्रस्ताव नाकारता येतो. कृपा नाकारणारा मात्र कृतघ्न ठरतो, आणि कृतघ्नाला समजावून सांगण्यासाठी त्याचे वडील, त्याचे गुरू, गावचे चार प्रतिष्ठित यांना कामाला लावणे हे कर्तव्यच होऊन बसते.

भाषेच्या अध्यापकांनी इथे जरा थांबावे, कारण ही समजूत पत्राच्या वाक्यरचनेतच बसलेली आहे. तिला आलेले पत्र आम्ही वाचले. तसल्याच साच्याची पत्रे आम्हांलाही कधीकाळी आली होती आणि आम्ही ती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. 'आपणांस कळविण्यात येते की, आपली नियुक्ती करण्यात येत आहे. तरी आपण त्वरित रुजू व्हावे.' कळवणारा कोण, नियुक्ती करणारा कोण, याचा पत्ता नाही. 'करण्यात येत आहे' या रचनेतून कर्ता अदृश्य होतो आणि क्रिया निसर्गनियमाप्रमाणे आपोआप घडू लागते, पाऊस पडावा तशी. ज्याला पत्र लिहिले त्याच्या इच्छेला जागाच नाही. 'आपली संमती असल्यास' हे तीन शब्द आम्ही आजवर एकाही नेमणूकपत्रात वाचलेले नाहीत. प्रश्नाचे वाक्य विधानार्थी करून टाकले की उत्तराची सोय उरत नाही. मग उत्तर आले की ते उत्तर न वाटता उर्मटपणा वाटतो.

१८७२ चा भारतीय करार कायदा मात्र याच गोष्टीकडे साध्या नजरेने पाहतो. समोरच्याची संमती मिळवण्याच्या हेतूने आपली तयारी त्याला कळवणे, म्हणजे प्रस्ताव. संमती नाही तर करार नाही. उत्तर दिले नाही म्हणून संमती गृहीत धरता येते का, हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयात १८६२ साली एका घोड्यावरून आला होता. काकाने पुतण्याला लिहिले, तुझ्याकडून काही कळले नाही तर घोडा तीस पौंड पंधरा शिलिंगांना माझा झाला असे मी समजेन. पुतण्या गप्प राहिला. पुढे लिलाववाल्याने चुकून तो घोडा विकला, काकाने त्याच्यावर दावा लावला आणि तो हरला. दुसऱ्याच्या मौनावर आपला सौदा कुणालाही उभारता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. आमची विद्यार्थिनी तर गप्पही नव्हती. घोड्याच्या बाबतीत जे चालले नाही ते एम.ए. झालेल्या माणसाच्या बाबतीत चालवून घ्यायचे काय?

आणि समजा तिने करार केला असता, तरी काय? त्याच्या दहा वर्षे आधी, १८५२ साली, योहाना वाग्नर या गायिकेने लंडनच्या एका नाट्यगृहाशी केलेला करार मोडायचे ठरवले. न्यायालयाने तिला त्या काळात दुसरीकडे गाण्यास मनाई केली, पण इथे गायलाच हवे असा हुकूम आपण देऊ शकत नाही हेही मान्य केले. माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध व्यक्तिगत सेवा न्यायालय करवून घेत नाही, हे तत्त्व आपल्याकडच्या विशिष्ट अनुतोष कायद्यातही, १८७७ पासून, आहे. कराराचा भंग झाला तर नुकसानभरपाई मागता येते. माणूस मागता येत नाही. प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याबद्दल तर काय बोलावे. फी थकली म्हणून पक्षकाराच्या फायली अडवून ठेवणाऱ्या वकिलाला सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सुनावले की फायली म्हणजे गहाण ठेवून घ्यायचा माल नव्हे. एखाद्याची गुणपत्रिका ही संस्थेकडे तारण ठेवलेली पाटली-बांगडी आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा निकाल वाचावा.

याच्या उलट वागणारा एक कायदाही या देशात होता. १८५९ चा तेरावा कायदा. कामाची उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागीर-मजुराला मालक दंडाधिकाऱ्यापुढे उभे करू शके, आणि काम करण्याचा किंवा उचल फेडण्याचा हुकूम मोडला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत तुरुंग होई. आसामच्या चहामळ्यांतून त्याचा मनसोक्त वापर झाला. १९२५ साली तो रद्द करण्यात आला. निदान त्या कायद्याला मजुराने उचल घेतलेली असावी लागे. आमच्या ओळखीच्या शिक्षणमहर्षींना तेवढीही अट जाचक वाटते असे दिसते.

आता तो मोठा शब्द: त्याग. साहेबांनी फोनवर तो वापरला. आजच्या पिढीत त्याग राहिला नाही, आम्ही या संस्थेसाठी रक्त आटवले, वगैरे. हा शब्द कुठून आला हे आमच्या वाचकांना सांगायला नको. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची शपथ घेत. गोखल्यांनी ती पाळली आणि १९०२ साली ते निवृत्त झाले. परंतु त्या शपथेची दुसरी बाजू सोयीस्करपणे विसरली जाते. आजीव सदस्य हे संस्थेचे नोकर नव्हते. संस्थेचा कारभार तेच चालवत. वेतन किती घ्यायचे, बाहेरचे काम करायचे की नाही, यावर ते आपसांत कडाडून भांडत. त्याग करणाराच तिथे धोरण ठरवत होता. आणि ज्याला ते धोरण पटले नाही तो निघूनही गेला. टिळकांनी १८९० साली सविस्तर पत्र लिहून राजीनामा दिला; सोसायटी बुडाली नाही आणि टिळकही बुडाले नाहीत. ज्या तरुणीला संस्थेच्या सभेत बसायला खुर्ची नाही, जिला मे महिन्याचा पगार नाही, तिच्याकडे त्याग मागणे म्हणजे टिळक-आगरकरांचा शब्द उसना घेऊन त्यातला मताधिकार तेवढा काढून टाकणे.

हे झाले संस्थाचालकांचे. परंतु त्यांना हे शब्द पुरवले कुणी? वर्धापनदिनाच्या स्मरणिका कोण लिहिते? 'संस्था हा एक परिवार आहे' हे वाक्य अहवालात पहिल्यांदा कुणी घातले? आम्ही, मराठी विभागाने. परिवार म्हटले की नेमणूक नाकारणे हे घरातून पळून जाण्यासारखे होते, आणि मग पळालेल्या मुलीला परत आणायला मामा-काका निघतात. आम्ही निघालो ते त्याच नात्याने.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आमच्यापैकी एकाने तिला फोन केला त्याच आठवड्यात तो एका चर्चासत्रात मेलव्हिलच्या बार्टलबीवर निबंध वाचून आला होता. १८५३ ची ती कथा आता आपल्याकडेही सर्वांना पाठ आहे. वॉल स्ट्रीटवरच्या वकिलाकडे नकला करणारा एक कारकून एके दिवशी कामाला शांतपणे नकार देतो आणि देत राहतो. देल्यूझ, आगाम्बेन यांनी त्यावर लिहिल्यापासून तर त्या नकाराचे आम्हांला केवढे कौतुक! त्या निबंधाला टाळ्या पडल्या. परंतु त्या कथेचा निवेदक मालक आहे, हे आपण किती गंभीरपणे घेतो? बार्टलबीचा नकार आपल्याला ऐकू येतो तो मालकाच्या तोंडून. मालक दुष्ट नाही. तो दयाळू, समजूतदार, स्वतःच्या दयाळूपणावर खूश असलेला गृहस्थ आहे. शेवटाकडे तो बार्टलबीला एकामागून एक दुसऱ्या नोकऱ्या सुचवतो, बार्टलबी त्या साऱ्या नाकारतो, मग मालक त्याला आपल्या घरी चल म्हणतो, आणि तेही नाकारले गेल्यावर पळ काढतो. या माणसाला सर्व काही देता येते. 'नाही' तेवढे घेता येत नाही. आमचा निबंधकार स्वतःला बार्टलबीच्या बाजूचा समजत होता. फोन हातात घेतल्यावर तो कोणत्या पात्राच्या भूमिकेत गेला, हे त्याला तिच्या प्रश्नानंतर कळले. (निबंध लवकरच संपादित ग्रंथात येत आहे. त्यात बदल करण्याची मुदत उलटून गेली आहे.)

बार्टलबी नाही म्हणतो आणि तिथेच राहतो, आमची विद्यार्थिनी नाही म्हणते आणि निघून जाऊ पाहते, हा फरक आम्हांला मान्य आहे. तो तिच्याच बाजूचा आहे. बार्टलबीच्या मालकाजवळ निदान गोंधळून जायला कारण होते.

नकार न ऐकण्याचा रोग केवळ खेड्यापाड्यांतल्या संस्थांना आहे, असेही नाही. सार्त्रने १९६४ साली नोबेल नाकारले. आपली निवड करू नये असे त्याने आधीच पत्रही धाडले होते, ते वेळेवर वाचले गेले नाही. स्वीडिश अकादमीने जाहीर केले की त्याच्या नकाराने पुरस्काराच्या वैधतेत काही फरक पडत नाही. त्या वर्षीच्या यादीत आजही त्याचेच नाव आहे. फक्त त्याच्या पदव्या कुणी कपाटात कोंडल्या नाहीत. आपल्याकडे याच्या उलट एक कथा परंपरा सांगते. शिवाजी महाराजांनी तुकोबांकडे नजराणा पाठवला, तुकोबांनी तो परत केला. मग महाराज स्वतः आले ते कीर्तन ऐकायला, समजूत घालायला नव्हे. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा कितपत टिकते हा वेगळा प्रश्न. मराठी मनाने ती शतकानुशतके सांगितली, याचा अर्थ नकार ऐकून घेणारा सत्ताधीश कसा असतो हे त्या मनाला ठाऊक होते.

ठाऊक असायलाच हवे. आपल्या भाषेत 'नाही' वेगळा आणि 'नको' वेगळा. हिंदीला 'नहीं चाहिए' अशी जुळवाजुळव करावी लागते. मराठीत न-इच्छेसाठी एक अखंड, दोन अक्षरी शब्द आहे. तो इतका उपयोगी की दखनीने तो 'नक्को' म्हणून मराठीकडूनच उचलला. मूल बोलू लागते तेव्हा फार लवकर हा शब्द शिकते. आणि मग आपण घरात, शाळेत, महाविद्यालयात तो त्याला विसरायला लावतो. त्याच्या जागी 'बघू', 'कळवतो', 'विचार करून सांगतो', 'आपण म्हणाल तसं' असे पर्याय देतो आणि त्याला संस्कार म्हणतो. मौनं सर्वार्थसाधनम् हे सुभाषित फळ्यावर लिहून घेतो. उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात नोकरीसाठी अर्ज आहे, रजेचा अर्ज आहे, आभारपत्र आहे, निमंत्रणपत्र आहे. नेमणूक नाकारण्याचे पत्र आमच्या वर्गात आम्ही कधीही लिहून घेतलेले नाही. तिने ते स्वतःहून लिहिले, दोन वाक्यांत, एकही चूक न करता. आम्ही तपासले असते तर बहुधा तिसरे वाक्य जोडायला लावले असते: 'तरी आपण मोठ्या मनाने क्षमा करावी.'

आता प्रकरण कुठे आहे ते सांगतो. कागदपत्रे परत मागण्यासाठी ती तीनदा जाऊन आली. तिसऱ्या खेपेला कार्यालयाने तिच्यापुढे एक छापील नमुना ठेवला. त्यावर सही केली की कागदपत्रे मिळतील. तो नमुना राजीनाम्याचा होता. 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.' शिवाय नोटिशीच्या काळाचे म्हणून एक महिन्याचे वेतन संस्थेत भरायचे. जे पद तिने घेतलेच नाही त्याचा राजीनामा, आणि जे वेतन मिळालेच नाही त्याची परतफेड. आमचे एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, सही करून टाकावी, शब्दांत काय आहे! भाषेचा माणूस असे म्हणाला. सही केली की ती रुजू झाली होती हे सिद्ध होते, वेळापत्रकातले नाव खरे ठरते, समितीपुढची यादी खरी ठरते, आणि तिचा जूनमधला नकार कधी झालाच नव्हता असे होते. तिने सही केलेली नाही.

पुढच्या महिन्यात तिची दुसरीकडे मुलाखत आहे आणि तिथे मूळ प्रमाणपत्रे दाखवायची आहेत. आमच्यापैकी एकाचे महाविद्यालय याच संस्थेचे आहे. हा लेख इथे आल्यावर त्याला काय ऐकावे लागेल याची त्याला कल्पना आहे आणि तरीही खालच्या नावांत त्याने आपले नाव राहू दिले आहे. येत्या सोमवारी अकरा वाजता आम्ही तिघे तिच्याबरोबर त्या कार्यालयात जाणार आहोत. तिचे जूनचेच पत्र आहे, दोन प्रतींत. एक त्यांना द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख व सही घ्यायची. समजावून सांगण्यासारखे आता आमच्याजवळ काही नाही.